पुकारा व्हायच्या आत

बीडच्या कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर तुम्ही सकाळी साडेदहापासून बसून आहात. हातात चार घड्या घातलेलं समन्स, घामानं त्याची कड ओली झालीय. शेजारी नाना, तुमचे चुलते. टोपी गुडघ्यावर ठेवून ते तळहातावर तंबाखू मळतायत.

"बाळा, लई बोलायचं न्हाई," नाना खालच्या आवाजात सांगतात. "वकील इचारतेल, बांध पयल्यापसून तिथंच हाय का? व्हय म्हणायचं. संपलं."

बांध पहिल्यापासून तिथं नव्हता. मागच्या मृगाच्या आधी नांगरट चालू असताना नानांनी ट्रॅक्टरवाल्याला हातानं खूण केली आणि बांध नांगराच्या दोन तासांइतका पलीकडे कोरला गेला. पलीकडचं रान काकूचं. काका वारले त्याला चार वर्षं झाली. मोजणीचा दगड लिंबाखाली उलथा पडलेला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तिथं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

परवाच्या रविवारी याच नानांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली. दवाखान्यातून देवानं आपल्याला कसं परत आणलं ते सांगताना त्यांचा गळा भरून आला. ती साक्ष अगदी खरी होती. चर्चमधल्या बाकापासून या बाकड्यापर्यंत शब्द तोच आहे, साक्ष. तिथं ती कुणी मागत नाही, मनातून येते. इथं ती मागवतात, आणि ती कशी द्यायची हे तुम्हाला आधीच पढवलंय.

पुकारा व्हायला वेळ आहे. डोळे मिटा.

---

उघडाल तेव्हा पुणं असेल. सप्टेंबर १८८२. शिक्षणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेला आयोग बसलाय. अध्यक्ष डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर. साक्षीदार म्हणून समोर आहे एक चोवीस वर्षांची विधवा. याच वर्षी फेब्रुवारीत तिचा नवरा गेलाय आणि पदरात दीड वर्षाची मुलगी आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता ही पदवी दिलीय, सरस्वतीही म्हटलंय. ती रमाबाई.

ती मराठीत बोलते. साक्षीदाराला पहिला प्रश्न नेहमीचाच असतो, तुम्ही कोण आणि या विषयावर कोणत्या अधिकारानं बोलता? बायकोला शिकवलं म्हणून ज्याला सोसावं लागलं त्या बापाची मी लेक, असं तिच्या उत्तराचं सार आहे. पदवीचा आधार ती घेत नाही. मग ती मुलींसाठी शिक्षिका मागते, बायकांसाठी बाई डॉक्टर मागते. आणि स्वतः शिकलेले पुरुषच बायकांच्या शिक्षणाच्या आड येतात हेही सांगून टाकते. खोलीत शिकलेलेच पुरुष आहेत.

ती अजून ख्रिस्ती झालेली नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या प्रवासात कुणी म्हणेल की खरं बोलायला तिला मिशनऱ्यांनी शिकवलं. खरं बोलण्याची सवय ती घेऊनच निघाली होती. त्या सवयीचा पहिला मोठा ताप मिशनऱ्यांनाच व्हायचा होता.

---

आता थंडी वाजेल. १८८५, इंग्लंडमधलं चेल्टनहॅम. मुलींच्या कॉलेजातली एक खोली, बाहेर पानगळ. पांढऱ्या साडीतली रमाबाई टेबलाशी वाकून लिहितेय. तुमच्या पावलांनी ती दचकणार नाही, तिला कमी ऐकू येतं. वैद्यकी शिकायचं मनात धरून ती या देशात आली होती. ते या बहिरेपणामुळेच राहून गेलं. आता ती इथं संस्कृत शिकवते आणि स्वतःही शिकते.

दोन वर्षांपूर्वी, २९ सप्टेंबर १८८३ ला, वाँटेजला तिनं लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन तिच्या धर्ममाता. परक्या मुलखात त्यांनी तिला घर दिलं, तिच्या मुलीला सांभाळलं. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणते. पत्रावर आरंभी हाच शब्द असतो, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी शब्द.

खांद्यावरून वाकून पाहा. गोष्ट एका क्रुसाची आहे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असावीत असं आजीबाईंना वाटतं. रमाबाई नको म्हणते. लॅटिन तिला येत नाही, तिच्या देशातल्या बायकांनाही येत नाही. जे आपल्याला कळत नाही ते छातीवर मिरवायचं कशाला? कोरायचंच तर संस्कृतात कोरा. संस्कृत देववाणी आहे म्हणून ती असं म्हणत नाही. ती तिच्या मायभूमीची जुनी, सुंदर भाषा आहे, एवढंच तिचं कारण.

क्रूस ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट पुढच्या पत्रांत आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चची सगळी मतं घेतली, असं मठाचं गृहीत. रमाबाईला त्र्यैक्याचं कोडं पटलेलं नाही आणि येशूविषयीच्या काही शिकवणी पटलेल्या नाहीत. ती तसं लिहून कळवते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्या जोखडात घालायला नव्हे, असा तिचा सूर आहे. आजीबाईंना यात गर्व दिसतो, आज्ञाभंग दिसतो. कॉलेजच्या मुख्य डोरोथिया बील मध्ये पडून समजुतीची पत्रं लिहितात.

इथं जरा थांबा. तुमच्यापुढचा प्रश्न हिच्याही पुढं आहे, फक्त कपडे वेगळे. जे आपल्याला खाऊ घालतात, आपलं लेकरू सांभाळतात, ते फक्त एक 'हो' मागतायत. म्हणून टाकलं तर कुणाचं काय बिघडणार?

पण ज्या पुस्तकावर हात ठेवून हे 'हो' मागितलं जातंय, त्याच पुस्तकात उलटी गोष्ट आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू शपथच घेऊ नका म्हणतो, स्वर्गाची नको आणि स्वतःच्या डोक्याचीही नको. होकार असेल तर तो होकार असू द्या, नकार असेल तर नकार. शपथेची गरज भासते याचा अर्थ एरवीच्या बोलण्याचा भरवसा उरलेला नाही. त्याच पुस्तकात पेत्राचीही गोष्ट आहे. अंगणात शेकोटीपाशी एका दासीनं विचारलं आणि घाबरून तो आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणाला. असं तीनदा झालं, मग कोंबडा आरवला. खोटा नकार आणि खोटा होकार, दोन्ही कुणाच्या तरी धाकानं किंवा कुणाच्या तरी मायेपोटीच तोंडातून निघतात.

मायेपोटी बोललेलं खोटं चालतं का, हा वाद ख्रिस्ती धर्मात जुना आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी फारोशी खोटं बोलून इब्री पोरं वाचवतात, आणि देव त्यांचं भलं करतो. ऑगस्टिननं खोटं बोलण्यावर दोन ग्रंथ लिहिले, त्यात या सुइणींनी त्याला बरंच छळलं. त्यानं तोडगा काढला की देवानं बक्षीस दिलं ते त्यांच्या दयेला, खोट्याला नव्हे. सगळ्यांना तो पटला असं नाही. पण सुइणींनी जिवाची जोखीम पत्करून दुबळ्याला वाचवलं होतं. नानांना दोन तास रान वाचवायचंय, तेही काकूचं. सुइणींच्या पदराआड नानांना जागा नाही.

रमाबाईनं पत्राची घडी घातली. त्यात एकाच कागदावर आजीबाई हा शब्द आहे आणि नकारही आहे. नकार द्यायचा म्हणून तिनं नातं पुसलं नाही, आणि नातं आहे म्हणून नकार गिळला नाही.

ही पत्रं आज आपल्याला वाचता येतात ती कुणामुळे? सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळेच. ज्यांना तिनं वारंवार 'नाही' म्हटलं त्यांनीच ती जपली, जुळवली. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनात ती प्रसिद्ध केली.

---

पुन्हा पुणं, १८९३. इथं फार रेंगाळू नका, हवा तापलेली आहे. विधवा मुलींसाठी रमाबाईनं काढलेलं शारदा सदन. धर्म शिकवणार नाही या बोलीवर ते उभं राहिलं. भल्या सकाळी रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करते आणि दार लावत नाही. काही मुली येऊन बसतात.

केसरीत टीकेची झोड उठते. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर राजीनामा देतात. पालक मुलींना घेऊन जातात. तिचं म्हणणं, दार लावून केलेली प्रार्थना ही लपवाछपवी. त्यांचं म्हणणं, पालकांना दिलेला शब्द हाही शब्दच. सुधारणेसाठी हयात घालवलेली ही माणसं होती, त्यांना खोटं पाडून इथून पुढं जाता येत नाही. उंबऱ्याच्या आतून ते दार प्रामाणिक दिसतं, बाहेरून मोडलेला करार दिसतो. खरेपणा स्वतःशी राखायचा असतो आणि दिलेल्या शब्दाशीही, आणि कधी या दोहोंच्या मध्ये एक उघडं दार येतं.

---

आता केडगाव. दौंडजवळचं, रेल्वेच्या रुळांलगतचं. साल १९२०. दुष्काळात उपाशी मुलीबाळी गोळा करून उभं केलेलं मुक्ती सदन. छापखान्यात शिरा. शाईचा आणि रॉकेलचा वास. बायका खिळे जुळवतायत. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे ओळ उलटी वाचायची सवय लागते. एक मुलगी चिमट्यानं चुकलेला खिळा उचलते, डोळ्यांपाशी धरते आणि दुसरा बसवते.

रमाबाई आता साठीच्या पुढं गेलीय. हिब्रू आणि ग्रीक शिकून ती सबंध बायबल मराठीत आणतेय. मराठी बायबल आधीपासून आहे, पण त्यातली भारदस्त संस्कृतप्रचुर भाषा इथल्या बायकांच्या डोक्यावरून जाते. ज्यांना वाचायचंय त्यांना कळेल असंच लिहायचं. चेल्टनहॅमचा क्रूस आठवला? तोच हट्ट आहे हा.

टेबलावर एक मुद्रित वाळत पडलंय. मोशेच्या पाचव्या पुस्तकाला मराठी बायबलात नाव आहे 'अनुवाद'. त्याचा एकोणिसावा अध्याय उघडा आणि तुमची बोटं तिथंच अडकतील. वाडवडिलांनी घातलेली शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नका, असं तिथं सांगितलंय. त्याच्या लगेच खाली साक्षीदारांचे नियम आहेत. एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवू नका, दोघे-तिघे हवेत. आणि साक्ष खोटी निघाली तर साक्षीदारानं दुसऱ्याचं जे करायचं योजलं तेच त्याचं करा. बांध आणि साक्ष, एकाखाली एक. बांध कोरणारे आणि त्यासाठी साक्षीदार पढवणारे बीडच्या कितीतरी आधीपासून आहेत.

रमाबाईनं स्वतःचीही एक साक्ष १९०७ मध्ये लिहिली. बाप्तिस्मा घेतल्यावर कैक वर्षं आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असं तिनं त्यात कबूल केलं. तोवर तिच्या नावाचा बोलबाला साता समुद्रांपलीकडे गेला होता. देणग्या त्याच नावावर येत होत्या. चर्चमधली साक्ष बहुधा आपण कसे तरलो याची असते. तिनं मध्ये आपण किती वर्षं चाचपडत होतो तेही घातलं.

निघण्याआधी दोन शब्द घेऊन जा. प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो ते आमेन ज्या हिब्रू धातूतून आलं, त्यातूनच त्या भाषेतला सत्य हा शब्द आला. धातूचा अर्थ पक्कं, भरवशाचं. आणि ग्रीकमध्ये साक्षीदाराला जो शब्द आहे त्याचाच पुढं अर्थ झाला हुतात्मा.

---

"चला, साक्षीदार!"

शिपायानं तुमचं नाव पुकारलंय. आत गेल्यावर विचारतील, शपथ घेता की प्रतिज्ञा करता? १९६९ च्या कायद्यानं दोन्ही चालतं. शब्द कुठलेही घेतले तरी कबूल करायचं ते एकच, जे सांगेन ते खरं सांगेन, सगळं सांगेन आणि खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. 'सगळं' यात लिंबाखालचा दगडही येतो.

तुम्ही उठता. नानांच्या कानाशी वाकता.

"नाना, म्या व्हय म्हणणार न्हाई."

तंबाखू मळणारा अंगठा थांबतो. नाना तुमच्याकडे बघत नाहीत. समोरच्या भिंतीवर आजच्या दाव्यांची यादी लावलीय, तिच्याकडे बघत राहतात. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून तुम्ही कंकालेश्वराची जत्रा पाहिली. काकूच्या डोळ्याला डोळा देणं सोपं जाईल आता. नानांच्या घरी जेवायला बसणं जड जाईल. दोन्ही खरं.

तुम्ही दाराकडे दोन पावलं टाकता, तेवढ्यात मागून आवाज येतो.

"बाळा."

वळून पाहता. नानांनी हात पुढं केलाय. त्यांच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या बोटांत तुमचं समन्स आहे.

"बाकड्यावरच इसरलास की. ने, आत मागतेल."