आरोग्य केंद्राचं चिनी आजोळ

प्राथमिक आरोग्य केंद्राची वंशावळ विचारली की उत्तर ठरलेलं: भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा देणारी भोर समिती, 1946. आणखी मागे गेलंच कुणी, तर इंग्लंडमधला 1920 चा डॉसन अहवाल. माझं घोडं मात्र भोर समितीच्या सदस्यांतल्या एका नावापाशी अडलं: डॉ. जॉन ग्रँट.

मिशनरी घरातले हे ग्रँट चीनमध्ये निंगबोला जन्मले आणि पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकवू लागले. त्यांचे शिष्य चेन झिचिएन 1932 मध्ये डिंगशियान या ग्रामीण भागात गेले. गावोगाव डॉक्टर पुरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून साक्षरता वर्गातून शिकून निघालेले शेतकरीच चेननी निवडले, दहाएक दिवस शिकवले आणि त्यांच्या हाती औषधांची पेटी दिली. देवी टोचायच्या, विहिरींवर लक्ष ठेवायचं, जन्ममृत्यू नोंदवायचे. आवाक्याबाहेरचा रोगी वरच्या केंद्रात, तिथून मोठ्या रुग्णालयात. 1937 मध्ये जपानी आक्रमणात हा प्रयोग मोडला. दोनच वर्षांनी ग्रँट कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालक झाले. संस्थेचं प्रात्यक्षिक चालायचं सिंगूरला. पुढे नॅनो गाडीच्या कारखान्यामुळे गाजलं ते हेच.

डॉसनपक्ष म्हणेल, नाव आमचं, पायऱ्यांची उतरंडही आमचीच. कबूल. पण डॉसनच्या केंद्रात खाजगी व्यवसायातले डॉक्टर येऊन काम करणार होते. भोर समितीने केंद्राला पगारी माणसं दिली आणि चाळीस हजार लोकसंख्या त्यांच्या गळ्यात बांधली. यावर कुणी सोव्हिएत रशियाकडे बोट दाखवतं. समितीपुढे ते उदाहरण होतंच. तरी गरीब खेड्याचा हिशेब ग्रँटनी जवळून पाहिला होता, म्हणून माझं मत डिंगशियानला.

माझ्या सिद्धांतातली फट एकच, पण मोठी: पेटीवाला शेतकरी भोर योजनेत नाही. पुढे चीनमध्ये तो ‘अनवाणी डॉक्टर’ म्हणून परतला. आपल्याकडे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले आणि त्यांनी गावातल्या निरक्षर बायांना हे काम शिकवलं. डिंगशियानची नक्कल नव्हे, गरजेतून सुचलेलं, असं मला वाटतं. 1975 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात चीन आणि जामखेड शेजारीशेजारी आले. त्याच वाटेने प्राथमिक आरोग्यसेवेवरची 1978 ची आल्मा-आटा परिषद. तिथे चीन गैरहजर!

भारतात 2005 पासून ही पेटी गावातल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीकडे आहे. कागदोपत्री ती अजूनही स्वयंसेविकाच आहे आणि तिला पगार नव्हे, कामागणिक मोबदला मिळतो.