पर्यटनस्थळाची स्पर्धाक्षमता आणि तिचे मोजमाप : माथेरानचे उदाहरण

पर्यटनस्थळाची ‘स्पर्धाक्षमता’ ही संज्ञा अलीकडची असली, तरी स्थळांमधील स्पर्धा जुनीच आहे. क्राउच व रिची या अभ्यासकांनी निसर्गदत्त संपत्ती आणि त्या संपत्तीचा विनियोग करण्याचे सामर्थ्य यांत जो भेद केला, तो मुंबई इलाख्यातील दोन गिरिस्थानांच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगा आहे.

महाबळेश्वरचा उदय राजसत्तेच्या आश्रयाने झाला. १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा मिळविली. पुढे उन्हाळ्यात इलाख्याचे सरकारच तेथे मुक्कामास जाऊ लागले. माथेरानला असे पाठबळ नव्हते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये ज्या डोंगरावर चढून गेला, त्याची उंची सुमारे २,६०० फूट. महाबळेश्वरची सुमारे ४,५०० फूट. केवळ हवेच्या तराजूत तोलल्यास माथेरान हलकेच ठरावयाचे. त्याला तारले ते मुंबईच्या सान्निध्याने. १८५६ मध्ये लोहमार्ग नेरळवरून खोपोलीस पोहोचला आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय घराण्याच्या पुढाकाराने नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली.

येथवर दळणवळण वाढले की स्थळ पुढे जाते, हा सिद्धान्त बरोबर दिसतो. परंतु पुढे माथेरानचे वैशिष्ट्य ठरले ते मोटारीचा अभाव! २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. प्रवाशांची वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा गाडीतून जावयाचे. वाहतुकीच्या सोयींना गुण देणाऱ्या कोष्टकात ही उणीव ठरेल. प्रवाशाच्या लेखी तेच आकर्षण होय.

कोष्टकांविषयी सावधगिरी बाळगण्यास आणखीही कारण आहे. जागतिक आर्थिक मंच २००७ पासून देशांची अशी क्रमवारी प्रसिद्ध करीत आला आहे. २०२१ च्या यादीत भारत ५४ वा होता, २०२४ च्या यादीत ११९ देशांत ३९ वा. ही पंधरा स्थानांची झेप वाटते. पण मंचाने पद्धती सुधारून २०२१ चे गणित पुन्हा मांडले, तेव्हा त्या वर्षीचे स्थान ३८ वे निघाले. म्हणजे प्रगतीच्या जागी एका स्थानाची घसरण, आणि तीही देशातील एकही रस्ता वा धर्मशाळा न बदलता. सबब निरनिराळ्या वर्षांचे क्रमांक पद्धती न तपासता शेजारी मांडणे हे इतिहासलेखनास घातक आहे.

माथेरानच्या निर्वाहन शांततेची किंमतही कोणी मोजली नव्हती. तेथे अनेक दशके माणसेच माणसांना हातरिक्षात बसवून ओढीत असत. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.