मॉर्फीचे प्रतिस्पर्धी : ताकदीचे मोजमाप

पॉल मॉर्फी (२२ जून १८३७–१० जुलै १८८४). न्यू ऑर्लीन्स येथे जन्मलेल्या या अमेरिकन बुद्धिबळपटूने १८५७ व १८५८ या दोन वर्षांत न्यूयॉर्क, लंडन आणि पॅरिस येथे त्या काळच्या अग्रगण्य खेळाडूंना हरवले. समोरचे खेळाडूच कच्चे होते, म्हणून त्याचा खेळ इतका देखणा दिसतो, असा आक्षेप त्याच्या बाबतीत वारंवार घेतला जातो.

या आक्षेपाला त्याच्या सर्वांत प्रसिद्ध डावानेच बळ दिले. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर यांनी आपसांत सल्लामसलत करून मॉर्फीविरुद्ध खेळलेला हा डाव १७ खेळींत संपला. दोघेही हौशी खेळाडू होते. मोहरी लवकर बाहेर काढण्याचे महत्त्व शिकवायला हा डाव उत्तम आहे. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजायला मात्र निरुपयोगी. मॉर्फीने घोडा किंवा हत्ती कमी घेऊन खेळलेले असंख्य डावही त्यासाठी बाजूला ठेवावे लागतात.

उरतात ते चार मुख्य सामने : लुई पॉलसन (५ विजय, १ पराभव, २ बरोबरी), योहान लोवेंथाल (९, ३, २), डॅनिएल हारविट्झ (५, २, १) आणि अ‍ॅडॉल्फ अँडरसन (७, २, २). एकूण ४१ डावांत २६ विजय, ८ पराभव व ७ बरोबरी, म्हणजे सुमारे ७२ टक्के गुण. खेळाडूंची ताकद अंकांत मोजणाऱ्या ईलो मापनात एवढ्या गुणांचा अर्थ साधारण १६० अंकांची आघाडी असा होतो. पण हे माप फक्त दोन बाजूंतील अंतर सांगते. ते अंतर कोणत्या उंचीवरचे आहे, हे या चौघांनी इतरांविरुद्ध काय केले यावरूनच ठरवावे लागते.

त्या दृष्टीने पॉलसनची साक्ष सर्वांत मोलाची आहे. १८५७ च्या पहिल्या अमेरिकन बुद्धिबळ काँग्रेसच्या अंतिम फेरीत मॉर्फीने त्याला वजिराचा बळी देऊन हरवलेला डाव आजही अभ्यासला जातो. हा पॉलसन दुबळा असता, तर पुढे त्याचे नाव विस्मृतीत गेले असते. प्रत्यक्षात १८६२ मध्ये त्याने अँडरसनशी सामना बरोबरीत सोडवला आणि १८७६ व १८७७ मध्ये त्याला दोनदा हरवले. बचावाची कला ज्यांनी समृद्ध केली, त्यांत त्याचे स्थान वरचे आहे. तो एका खेळीवर तासन्‌तास विचार करी, आणि त्या काळी घड्याळाचे बंधन नसल्याने मॉर्फीला या चिकाटीलाही तोंड द्यावे लागले.

लोवेंथालने मॉर्फीकडून हरल्यावर लगेच, १८५८ मध्येच, बर्मिंगहॅमची स्पर्धा जिंकली आणि तिथे नामवंत इंग्लिश खेळाडू हॉवर्ड स्टाँटनला बाद केले. हारविट्झने १८४८ मध्ये अँडरसनशी ५–५ अशी बरोबरी साधली होती.

ब्रेस्लाऊचा गणितशिक्षक अँडरसन हा १८५१ च्या लंडन स्पर्धेचा विजेता. शाळेच्या नाताळच्या सुटीत तो पॅरिसला आला. सराव कमी पडल्यामुळे तो हरला, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. सरावाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण मॉर्फीही त्या वेळी आजारातून नुकताच उठला होता. अँडरसनने पुढे १८६२ ची लंडन व १८७० ची बाडेन-बाडेन स्पर्धा जिंकली. दुसऱ्या स्पर्धेत पुढे जगज्जेता झालेला स्टाइनिट्झ त्याच्या मागे राहिला. म्हणजे १८५८ चा अँडरसन उतरणीला लागलेला खेळाडू नव्हता.

संगणकाने या डावांतील चुका मोजल्या, तर सगळेच खेळाडू आजच्या ग्रँडमास्टरांपेक्षा खूप खाली दिसतात, विशेषतः बचावात. सुरुवातीच्या खेळ्यांचे आजचे ज्ञान त्यांच्यापाशी नव्हते. शिवाय धारदार, गुंतागुंतीच्या स्थितीत चुका अधिक होतात आणि त्या काळच्या बहुतेक डावांत अशाच स्थिती येत. त्यामुळे चुकांच्या सरासरीवरून दोन शतकांतील खेळाडूंची थेट तुलना करणे अन्यायाचे आहे.

मॉर्फीचे हे चार प्रतिस्पर्धी त्यांच्या काळात अव्वल होते, आणि त्यांच्यावर त्याने मिळवलेली आघाडी खरी होती. अभ्यासकाने ऑपेरागृहातला डाव क्षणभर मिटून ठेवावा आणि हे ४१ डाव पटावर मांडून, पराभवांसकट, क्रमाने पाहावेत.