घाटात रेंज गेली तर? गाड्यांच्या ताफ्यासाठी वॉकीटॉकी घेताना हे तपासा

मुंबई : गणपती-शिमग्याला लालबाग, परळ, गिरगावातले चाकरमानी तीन-चार गाड्या करून गावी निघतात. दादरहून जीप घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा धुंडाळणारे ग्रुपही आहेत. वरंध, ताम्हिणीसारख्या घाटांत मोबाईलची रेंज गेली की मागची गाडी चिखलात रुतली तरी पुढच्यांना पत्ता लागत नाही. अशा वेळी वॉकीटॉकी कामी येतो. मात्र लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून कुठलाही सेट उचलू नये.

परवाना कशाला लागतो?

भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या अर्ध्या वॅटपर्यंतच्या हँडसेटला 2018 च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. मात्र त्या मॉडेलला ‘ईटीए’, म्हणजे सरकारी उपकरण मंजुरी, हवी. दुकानदाराकडे तिचा क्रमांक मागावा आणि पक्के बिल घ्यावे.

हवी ती फ्रिक्वेन्सी भरता येणारे 5 वॅटचे सेट या सवलतीत बसत नाहीत. हॅम रेडिओ वापरायचा तर परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, आणि ताफ्यात बोलणाऱ्या प्रत्येकाकडे तो हवा. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले सेट बहुधा 462-467 मेगाहर्ट्झचे असतात. तेही इथे चालत नाहीत. चुकीच्या फ्रिक्वेन्सीमुळे पोलीस किंवा बचाव पथकाच्या संदेशात अडथळा येऊ शकतो. अशा सेटच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

खोक्यावरचे किलोमीटर

खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली की एक किलोमीटरही कठीण होतो, गाडीचा पत्राही आवाज अडवतो. म्हणून सेट खिडकीजवळ उभा धरावा आणि मागची गाडी आरशात दिसेल एवढेच अंतर ठेवावे.

घेताना आणि निघताना

- गाडीमागे एक आणि एक जादा सेट घ्यावा.
- पेन्सिल सेलवर चालणारा सेट बरा. सेल गावच्या दुकानातही मिळतात. पावसासाठी पाणीरोधक आहे का, ते पाहावे.
- सगळ्यांचा चॅनेल आणि कोड एकच ठेवावा. कोड लावला तरी बोलणे गुप्त राहत नाही. त्याच चॅनेलवरच्या इतरांना ते ऐकू जाऊ शकते.
- बटण दाबून क्षणभर थांबावे, मगच बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
- सेट चालकाच्या हातात नको, शेजारी बसलेल्याकडे द्यावा. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जाणकार माणूस बसवावा.

वॉकीटॉकीवरून 112 ला फोन लागत नाही. अपघात झाला तर एका गाडीने रेंज मिळेल तिथपर्यंत जाऊन फोन करायचा. ती गाडी कोणती, हे निघण्याआधीच ठरवून ठेवावे.