शब्दवेध : काफिर

अरबीत ‘काफिर’ म्हणजे इस्लाम न मानणारा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे अरब व्यापारी तिथल्या काळ्या लोकांना काफिर म्हणत. पोर्तुगीज खलाशांनी ते नाव उचललं, पुढे दक्षिण आफ्रिकेत डच आणि इंग्रजांच्या तोंडी ते रुळलं. धर्म गळून पडला, शिवी उरली. मळ्यावरचा गोरा मालक म्हाताऱ्या गड्यालाही नावाऐवजी याच शब्दाने हाक मारी.

१९९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ‘क्वाइटो’ या नाचाच्या संगीताचा गायक आर्थर माफोकाटे याने हीच शिवी गाण्याचं शीर्षक केली. त्यातला नोकर ‘बास’ला, म्हणजे मालकाला, असं म्हणू नकोस म्हणून बजावतो, तेही नाचाच्या ठेक्यावर! हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. ज्याने ती शिवी सोसली, त्यालाच ती गाण्यात घेण्याचा हक्क. २०१८ मध्ये काळ्या पोलिसांना ती वारंवार देणाऱ्या गोऱ्या बाईला तिथल्या न्यायालयाने तुरुंगवास सुनावला.