आत की बाहेर? शर्ट खोचण्याचा एक इतिहास

वडिलांचे शिवणकामाचे दुकान बंद केले तेव्हा दोन यंत्रे, एक टेबल आणि मापांच्या एकोणीस वह्या घरी आल्या. यंत्रे गेली, टेबलावर आता टीव्ही आहे. वह्या मात्र मी टाकल्या नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आयते हाती आलेले दप्तर टाकवत नाही, एवढेच त्याचे कारण.

वह्या चाळताना एक गोष्ट लक्षात आली. शर्टाच्या लांबीच्या आकड्यापुढे वडील प्रत्येक वेळी एक अक्षर लिहीत. ‘32 आ’, ‘28 बा’. ‘आ’ म्हणजे आत आणि ‘बा’ म्हणजे बाहेर. गिऱ्हाईक शर्ट पँटमध्ये खोचणार की वर सोडणार, हे आधी विचारल्याशिवाय ते कापडाला कात्री लावत नसत. 1969 च्या वहीत मात्र एका नोंदीपुढे दोन्ही अक्षरे आहेत : ‘30 आ-बा’. एकच शर्ट आतही आणि बाहेरही? वडील हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. त्या नोंदीचा अर्थ लावण्यासाठी मी शर्टाच्या टोकाचा इतिहास शोधू लागलो. हा लेख त्या शोधातून झाला आहे.

शर्टाची शेपटी

शर्ट आत का खोचायचा, याचे उत्तर शिस्तीत किंवा सौंदर्यात नाही. युरोपात शर्ट हे कित्येक शतके आतले वस्त्र होते. अंगाचा घाम आणि मळ त्याने टिपायचा, म्हणजे वरचा महागडा, सहसा न धुतला जाणारा कोट वाचायचा. हा शर्ट मांड्यांपर्यंत, कधी गुडघ्यांपर्यंत लांब असे आणि डोक्यातून घालावा लागे. बाजूला चिरा असत. पुढचे आणि मागचे टोक पायांमधून घेतले, की आतली चड्डी वेगळी लागत नसे. शर्टाच्या टोकाला इंग्रजीत शेपटी म्हणतात, ती ही. सभ्य माणसाच्या शर्टाची कॉलर आणि मनगटे तेवढी दिसायची. नुसत्या शर्टावर चारचौघांत येणे म्हणजे जवळजवळ उघडे येणे. मग शेपटी दिसणे किती लाजिरवाणे असेल, याचा अंदाज करता येतो.

एकोणिसाव्या शतकात हे हळूहळू बदलले. वेगळी अंतर्वस्त्रे सर्रास वापरात आली आणि शेपटीचे मूळ काम संपले. 1871 मध्ये लंडनच्या ब्राउन, डेव्हिस आणि कंपनीने वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडणाऱ्या, बटणांच्या शर्टाची नोंदणी केली. आज आपण घालतो त्या शर्टाचा तो पूर्वज. काम संपले तरी शेपटी राहिली, फक्त आखूड झाली. आजही फॉर्मल शर्टाचा घेर पुढे-मागे गोलाकार लांब आणि बाजूला वर चढलेला असतो, तो त्या जुन्या वस्त्राचा उरलेला अवशेष आहे. खोचायची सवय वस्त्रातूनच आली. तिला सभ्यतेचा अर्थ पुढे चिकटला.

गॅलिस आणि पट्टा

शर्ट आत राहणे जितके शर्टावर तितकेच पाटलोणीवर अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकातली पाटलोण पार बेंबीच्या वर चढलेली असे आणि खांद्यांवरून गेलेल्या पट्ट्यांना लटकलेली असे. अशा पट्ट्या लंडनमध्ये अल्बर्ट थर्स्टन यांचे दुकान 1820 पासून विकत आले. त्यांनाच मराठीत आपण ‘गॅलिस’ म्हटले. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना लहानपणीची गॅलिसची चड्डी आठवत असेल. गॅलिसमुळे पाटलोण खाली घसरत नसे, वर कोट आणि जाकीट असे, त्यामुळे शर्ट सुटला तरी कोणाला दिसत नसे.

गॅलिस सगळ्यांनाच आवडत होती असे नाही. 1871 च्याच डिसेंबरमध्ये एका अमेरिकन माणसाने वस्त्रे कमरेशी हवी तशी घट्ट करणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पट्टीचे पेटंट घेतले. त्याचे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणून ओळखते. ज्या वर्षी शर्ट पुढून उघडला, त्याच वर्षी एका विनोदी लेखकाला कमरेशी कपडे नीट बसवण्याची चिंता पडली होती, ही गंमत मला मोलाची वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर लष्करी पट्टा मुलकी कमरेवर आला. गॅलिस मागे पडली, पाटलोण खाली उतरली, जाकीट गेले, उन्हाळ्यात कोटही गेला. शर्ट पहिल्यांदाच सबंध दिसू लागला आणि तो नीट खोचलेला आहे की नाही, हेही दिसू लागले. शर्ट खोचून ठेवण्याची कटकट जेमतेम शंभर वर्षांची आहे, ती अशी.

आपली खोचण्याची रीत

आपल्याकडे खोचणे नवे नव्हते. निऱ्या खोचायच्या, कासोटा खोचायचा, पदर खोचून कामाला लागायचे. पण हे सारे खालच्या किंवा गुंडाळायच्या वस्त्राचे. अंगातले वस्त्र, मग ती बाराबंदी असो, अंगरखा असो की बंडी, बंदांनी बांधले जाई आणि वरच राही. त्यामुळे शर्ट मराठी घरात आला तेव्हा तो साहजिकच धोतरावर सोडला गेला. जुन्या छायाचित्रांतले कारकून आणि वकील पाहा : डोक्याला पगडी किंवा टोपी, अंगात कोट, कोटाखाली शर्टाचा घेर, त्याखाली धोतर. इंग्रजाच्या दृष्टीने ही आतल्या कपड्याची शेपटी होती. आपल्या दृष्टीने तो सदराच होता.

धोतर जाऊन पँट आली तेव्हा शर्टाला जागा बदलावी लागली. या बदलासाठी भाषेने एक खास मराठी इंग्रजी क्रियापद घडवले : ‘इन करणे’. ‘शर्ट इन कर’ हे वाक्य लंडनमध्ये कोणाला कळणार नाही. आपल्याकडे ते शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत रोज ऐकू येते.

आणि मग बुशशर्ट आला. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांतल्या फौजा मोठ्या खिशांचे, सरळ घेराचे, पाटलोणीवर सोडायचे बुश जाकीट आणि बुशशर्ट घालत. युद्धानंतर त्याचा मुलकी अवतार भारतीय शहरांत पसरला. घेर सरळ, बाजूला छोट्या चिरा, शेपटी नाही. आमच्या दुकानात अर्ध्या बाह्यांच्या, हलक्या कापडाच्या अशाच एका प्रकाराला ‘मनिला’ म्हणत. गिऱ्हाईक लेंग्यावर मनिला घालून बाजारात जाई आणि पँटवर बुशशर्ट घालून कचेरीत. सत्तरच्या दशकात बुश जाकिटाचाच वारस असलेला सफारी सूट साहेबी पोशाख झाला. कमरेवर कापड सोडूनही माणूस साहेब दिसू शकतो, हे उष्ण देशांनी सिद्ध केले. फिलिपिन्समध्ये 1953 साली राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसायसाय यांनी शपथविधीलाच वर सोडायचा ‘बारोंग’ घातला. हवाईत 1966 पासून शुक्रवारी कचेरीत रंगीत अलोहा शर्ट चालू लागला. मुद्दाम बाहेर सोडण्यासाठी बेतलेले शर्ट विकणारी ‘अनटकइट’ ही अमेरिकन कंपनी 2011 मध्ये निघाली. आमच्या वह्यांतले ‘28 बा’ तिच्याहून चार दशकांनी थोरले आहे.

मुंढ्याचे शास्त्र

शर्ट आत ठेवायचा तर तो का सुटतो हे आधी पाहावे लागते. बहुतेकांना वाटते, लांबी कमी पडते. वडील म्हणत, दोष मुंढ्याचा. काखेजवळचा मुंढा खाली उतरलेला असला, की हात वर करताच बाहीबरोबर सबंध शर्ट वर खेचला जातो. मुंढा काखेला लागून वर असला, तर हात उचलला जातो आणि अंगाचे कापड जागेवर राहते. म्हणून ट्रायलच्या वेळी ते गिऱ्हाइकाला दोन्ही हात वर करायला लावत आणि स्वतः कमरेकडे बघत.

दुसरी गोष्ट पाटलोणीच्या आसनाची. आसन आखूड म्हणजे कंबर खाली आणि शर्टाला धरायला जागा कमी. तिसरी गोष्ट कापडाची. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन शोधले आणि आमच्या दुकानात त्याची लाट आली तेव्हा इस्त्रीचा त्रास वाचला. पण सुती शर्ट सुती पाटलोणीला जसा धरून राहतो, तसे हे गुळगुळीत कापड राहीना. त्यावर वडिलांनी उपाय काढला होता. कंबरपट्टीच्या आतून खरखरीत मांजरपाटाची पट्टी मारायची. आज तयार पँटमध्ये रबराच्या रेघांचा ग्रिपर असतो. त्याचे काम तेच.

बाकीचे उपाय घालणाऱ्याच्या हातातले. लष्करी पद्धतीत दोन्ही बाजूंचे जादा कापड शिवणीशी चिमटीत धरून मागे दुमडतात आणि वरून पट्टा आवळतात. पोट आणि पाठ सपाट दिसते. अमेरिकेतले मरीन सैनिक आणि पोलीस तर शर्टाच्या टोकाला लवचीक पट्ट्या लावून त्या पायमोज्यांना अडकवतात. पण मुंढा चुकलेला असेल तर यांतले काहीच दिवसभर टिकत नाही.

‘30 आ-बा’

त्या नोंदीपुढे फक्त ‘गुरुजी’ लिहिले होते. आईला ते आठवत होते. त्यांचा शोध लागला तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडून गेले होते आणि शहरात मुलाकडे राहत होते. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि हसले. “मास्तरांनी हे लिहून ठेवलंय?”

गुरुजी आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यातले. नोकरी लागली ती चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या शाळेत. मुख्याध्यापकांची अट होती, शिक्षकाने शर्ट इन करूनच यायचे. पहिल्या पगारातून शिवलेला पांढरा शर्ट खोचून ते घरून निघाले, ते वेशीपर्यंतच गेले. पारावर बसलेल्यांपैकी एकाने विचारले, “साहेब झालास काय रे?” दुसऱ्याने उठून शर्ट ओढून बाहेर काढला. हसणे झाले. त्या हसण्याला उत्तर देण्याची घरच्यांची ताकद नव्हती.

1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले होते, की लुगडे नेसण्याच्या ज्या रीतीवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते सोडून द्या. कोणी काय नेसावे आणि कसे, यावर गावाची किती करडी नजर होती, ते त्या सांगण्यातून कळते. चाळीस वर्षांनंतर ती नजर एका शिक्षकाच्या कमरेवर आली होती.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी शर्ट बाहेर सोडून गाव ओलांडत आणि ओढ्यापाशी बाभळीआड थांबून खोचत. परतताना तिथेच काढत. पण शेपटीचा शर्ट बाहेर सोडला की गबाळा दिसे, त्याच्यावरही शेरे येत. शिवाय दिवसभर फळ्यावर लिहायचे म्हणजे हात सतत वर. शर्ट वर्गातच सुटे आणि मुले हसत.

“मी मास्तरांना सगळं नाही सांगितलं,” गुरुजी म्हणाले. “एवढंच म्हणालो, की दोन्ही पाहिजे. त्यांनी विचारलं नाही का ते. म्हणाले, गुरुजी, हात वर करा.”

वडिलांनी बेतला तो शर्ट असा : लांबी 30, म्हणजे आतल्याहून दोन इंच कमी, बाहेरच्याहून दोन इंच जास्त. घेर बुशशर्टासारखा सरळ. बाजूला तीन इंचांच्या चिरा, म्हणजे खोचल्यावर नितंबांवर कापड गोळा होणार नाही. मुंढा अर्धा इंच वर. सुती पॉपलिन. आणि पँटला आतून मांजरपाटाची पट्टी. बाहेर सोडला तर साधा मनिला, आत घेतला तर फळ्यावर कितीही लिहा, हलायचा नाही. शतकांपूर्वीच्या त्या लांब शर्टाच्याही बाजूला अशाच चिरा होत्या, हे वडिलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

1974 च्या वहीत गुरुजींची पुन्हा नोंद आहे : ‘32 आ’. दुसरे अक्षर नाही. मधल्या काळात काय झाले, असे मी विचारले. एखादा संघर्ष, एखादी तक्रार असेल, असे माझ्यातल्या संशोधकाला वाटत होते.

“काही झालं नाही,” ते म्हणाले. “माझी बदली आमच्याच गावच्या शाळेत झाली. पारावर बसणाऱ्यांची नातवंडं माझ्या वर्गात आली. मग एके दिवशी घरातूनच खोचून निघालो. पारावरून कोणीतरी ‘रामराम गुरुजी’ म्हणालं. मी पण म्हणालो.”

निघताना माझे लक्ष त्यांच्या अंगावरच्या शर्टाकडे गेले. चौकड्यांचा, अर्ध्या बाह्यांचा, पँटवर सोडलेला. त्यांच्या ते लक्षात आले.

“आता बाहेरच,” ते म्हणाले. “आता ओढणारं कोणी नाही. आणि पोटही सुटलंय.”