हायब्रीड भाताचं बी पुढच्या वर्षी का चालत नाही? कारण दडलंय भाताच्या फुलात

कुरवंडे (ता. मावळ) : झोडणी झाली की चांगलं भरलेलं भात बाजूला काढायचं आणि पुढच्या वर्षी तेच बी पेरायचं, ही मावळातली जुनी रीत. इंद्रायणीला ही रीत चालते, हायब्रीड भाताला नाही. मग ‘कंपन्यांनी बियाणं वांझ करून ठेवलंय’ असं बोललं जातं. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. ती समजली तर बियाण्याचा खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा, हे ठरवणं सोपं जातं.

भाताचं फूल कसं असतं?

भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. सहा पुंकेसर आणि मध्ये स्त्रीकेसर. फूल उमलतं तेव्हा त्याचेच परागकण त्याच्याच स्त्रीकेसरावर पडतात आणि एका फुलातून एक दाणा तयार होतो. म्हणजे भात स्वतःचं लग्न स्वतःशीच लावतं. म्हणूनच शुद्ध वाणाचं बी वर्षानुवर्षं तसंच राहतं.

हायब्रीड करायचं तर दोन वेगळ्या वाणांचा संकर हवा. त्यासाठी मादी वाणाच्या प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागतील. प्रयोगशाळेत शंभर-दोनशे फुलांचं हे काम जमतं, पण एकरभर शेताचं कोण करणार? म्हणून जिचे परागकण मुळातच निकामी आहेत, अशी भाताची जात शोधणं भाग होतं. यालाच नर वंध्यत्व म्हणतात.

रानभाताच्या एका रोपातून सुरुवात

१९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग या शास्त्रज्ञांच्या सहकाऱ्यांना रानभाताचं एक रोप सापडलं. त्याचे परागकण निकामी होते, पण मादी भाग धडधाकट होता. १९७३ पर्यंत त्यावरून हायब्रीड तयार करण्याची पद्धत बसली आणि १९७६ पासून चीनमध्ये मोठी लागवड सुरू झाली. भारतात भातसंकराचा देशव्यापी कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला.

दोष आईकडून, दुरुस्ती बापाकडून

प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांचे स्वतःचे जीन असतात आणि भातात ते फक्त आईकडून येतात. रानभातातला दोष याच ठिकाणी आहे. तिथला एक जीन असं प्रथिन तयार करतो की परागकणांना पोसणारा थर वेळेआधीच मरतो. पराग उपाशी राहतात आणि निकामी होतात. चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हा जीन शोधून काढला.

या दोषावर उपाय करणारे जीन पेशीच्या केंद्रकात असतात. त्यांना पुनर्स्थापक जीन म्हणतात. भाताच्या बारा गुणसूत्रांपैकी पहिल्यावर एक आणि दहाव्यावर एक असे दोन मुख्य आहेत. ते असले की दोष दबतो आणि पराग चांगले होतात.

यावरून तीन वाणांची पद्धत तयार झाली :

- ए वाण (मादी) : दोष आहे, उपाय नाही. पराग निकामी.
- बी वाण : ए वाणाचा जणू सख्खा भाऊ. केंद्रकातले जीन तेच, पण मायटोकॉन्ड्रियात दोष नाही. याचे पराग देऊन ए वाणाचं बी टिकवतात.
- आर वाण (नर) : याच्यात पुनर्स्थापक जीन आहेत. ए आणि आर यांच्या संकरातून येणारं बी म्हणजे आपण विकत घेतो ते हायब्रीड.

हायब्रीडला दोष आईकडून मिळतो आणि दुरुस्ती बापाकडून. म्हणून त्याची लोंबी व्यवस्थित भरते. आपण पेरतो ते हायब्रीड वांझ नसतं, वांझ असते ती त्याची आई, आणि तीही फक्त परागाच्या बाबतीत.

घाटाखालचं ‘सह्याद्री’

याचं जवळचं उदाहरण म्हणजे घाटाखालच्या कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या या केंद्रातून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हे हायब्रीड भात प्रसारित झालं. त्याची मादी आयआर ५८०२५ ए, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची. नर बीआर ८२७-३५. मादीतला दोष मूळचा त्याच हैनानच्या रानभाताचा.

बियाणं तयार करताना मादीच्या काही ओळी आणि शेजारी नराच्या दोन ओळी लावतात. दोन्ही एकाच वेळी फुलोऱ्यात याव्या लागतात. फुलं उमलली की दोरी किंवा काठीने नराची रोपं हलवून पराग उडवतात. मादीची लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर येत नाही म्हणून जिबरेलिक आम्ल फवारावं लागतं. एवढी मेहनत आणि मजुरी लागते, म्हणून बी महाग पडतं.

घरचं बी पेरलं तर काय होतं?

हायब्रीडमधल्या सगळ्या बियांत आईचा दोष उतरतोच, दुरुस्ती मात्र सगळ्यांना मिळत नाही. दुरुस्तीचा एकच जीन धरला तर चारातलं एक रोप दुरुस्तीशिवाय निघतं. प्रत्यक्षात असे जीन एकापेक्षा जास्त असल्याने प्रमाण बदलतं. काही रोपं पूर्ण वांझ, काही अर्धवट. शिवाय उंची, निसवण्याची वेळ, दाण्याचा आकार सगळंच विस्कटतं आणि हायब्रीडचा जोमही घटतो. काही उंच, काही बुटकं, काही पिकलेलं तर काही हिरवं, अशा खाचरात कापणी कधी करायची?

इंद्रायणीही संकरातूनच आली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या. पण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचे गुण स्थिर केले आणि १९८७ मध्ये ती प्रसारित झाली. म्हणून तिचं बी घरी ठेवता येतं.

दाणे पोचट निघाले तर काय तपासाल?

- लोंबी पांढरी पडून ओढताच सहज हातात आली, तर तो खोडकिडा. बियाण्याचा दोष नाही.
- लोंबी हिरवी, पण अर्धी पोटरीत अडकलेली, पुंकेसर फिकट आणि बारीक असतील, तर रोप नर वंध्य असू शकतं.
- फुलोऱ्यात सलग जोरदार पाऊस झाला तर चांगल्या वाणाचेही दाणे पोकळ राहतात.

लक्षात ठेवा

- हायब्रीड घेतलं तर बी दरवर्षी नवीन घ्या. एकरी साधारण ८ किलो पुरतं. बी कमी लागतं म्हणून आवणीला एका चुडात एक-दोनच रोपं लावा.
- पावती, पिशवी, टॅग आणि थोडं बी कापणी होईपर्यंत जपून ठेवा. शंका आली तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. कापणीनंतर पाहणी करायला काही उरत नाही.
- इंद्रायणीचं घरचं बी वापरत असाल तर भेसळीची रोपं निसवतानाच उपटून टाका आणि तीन वर्षांनी बी बदला.
- हायब्रीड भात खायला सुरक्षित आहे. परागाच्या दोषाचा खाणाऱ्याशी काही संबंध नाही.